सहाशे मीटर, एक अठ्ठावन्न

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी प्रमिला मॅडमनी स्टाफरूमच्या खुर्चीत बसून एकशे बेचाळीस मुलं पळवली. प्रत्येकाला सहाशे मीटर. एकाच्याही अंगाला घाम आला नाही, कारण हजर होती ती सगळी त्या वेळी आपापल्या वर्गात बसून गणित नाहीतर इतिहास शिकत होती. पळत होतं ते मॅडमचं बोट, मोबाइलच्या पडद्यावर.

शाळेतल्या प्रत्येक मुलाची तंदुरुस्ती चाचणी घ्यायची आणि आकडे अॅपवर भरायचे, हे सुरू होऊन चार वर्षं झाली होती. उंची, वजन, पाय न वाकवता हात अंगठ्यापर्यंत पोचतो का, आणि सहाशे मीटर किती वेळात. हिंगणी रस्त्यावरच्या त्या शाळेत मुलं तीनशे शहाऐंशी. शारीरिक शिक्षणाला शिक्षक एकच, प्रमिला चाफले, वय सत्तावन्न, निवृत्तीला दहा महिने. पहिल्या वर्षी त्यांनी प्रत्येक मूल खरोखर पळवलं होतं आणि त्यात पावणेदोन महिने गेले होते. यंदा पावसानं मैदानाचा चिखल केला, नववी-दहावीचे पीटीचे तास गणिताच्या जादा तासांना गेले, त्यातच मतदार यादीचं काम मॅडमच्या गळ्यात पडलं. दोनशे चव्वेचाळीस मुलं कशीबशी झाली आणि शेवटची तारीख उजाडली.

"मॅडम, आज सायंकाळी बंद होते ते अॅप," मुख्याध्यापक मुकेश सर दारातून म्हणाले. "तालुक्यात आपलीच शाळा राह्यली. भरून टाका ना कसंही."

अंदाजानं भरायलाही कसब लागतं. सगळ्यांना एकच वेळ टाकली तर डोळ्यावर येते. म्हणून मुलांना दोन दहा ते दोन चाळीस, मुलींना अडीच ते तीन मिनिटं, मधून एखादा ढिला, मधून एखादा चपळ. पहिल्यांदा असं केलं तेव्हा मॅडमना दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. यंदा त्या भरता भरता चहा पीत होत्या. आठवी 'ब'च्या पटावर सत्ताविसावं नाव होतं स्वीटी जंगू सिडाम. दोन अठ्ठावन्न टाकायचे होते. बोट घसरलं की डोळा, कोण जाणे, एक अठ्ठावन्न पडले. मॅडमनी पुढचं नाव उघडलं.

मॅडम या शाळेत आल्या तेव्हा वय होतं पंचवीस. आंजीची मुलगी, शाळेत कबड्डी खेळलेली, अमरावतीला जाऊन शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली. गावात बाई पीटी शिकवणार म्हणून पहिल्या दिवशी कंपाउंडच्या भिंतीवर माणसं बसली होती. त्यांच्या आधीचे पीटीचे सर महादेवराव आखाड्यातले. पदवी-बिदवी काही नाही, खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी आणि हातात निरगुडीची छडी. त्यांनी जाता जाता क्रीडा खोलीची किल्ली मॅडमच्या हातावर ठेवली. आत साठ लेझीम, लाकडी डंबेल्सच्या जोड्या, घुंगुरकाठ्या आणि एक ढोल. बाहेर दोनशे मीटरचा फेरा मारता येईल एवढं मैदान, खो-खोचे खांब, मल्लखांब, लांब उडीचा वाळूचा खड्डा. शनिवारी सकाळी अख्खी शाळा रांगेनं उभी राहायची आणि ढोलाच्या ठेक्यावर सहाशे हात एकदम वर जायचे. तो आवाज रस्त्यापलीकडच्या शेतात ऐकू जायचा, असं लोक सांगत.

त्या दिवसांत मॅडम दमत नसत असं नाही. पण ते दमणं वेगळं होतं. संध्याकाळी केळझरला घरी जाऊन आंघोळ केली, की उतरायचं.

मग एकेक गोष्ट गेली. कोणी मुद्दाम नेली नाही, हे मॅडम नेहमी सांगायच्या. मल्लखांबावरून एक मुलगा पडला, हात मोडला, त्याच्या काकानं शाळेत येऊन तमाशा केला, तेव्हा संस्थेनं खांब उपटला. वाळूच्या खड्ड्यावर संगणकाची खोली उभी राहिली. त्याला कोण नाही म्हणणार? नंतर दहा वर्गांची नवी इमारत, नंतर मुलं आणणाऱ्या गाड्यांसाठी पत्र्याची शेड. लेझीम पोत्यात गेले आणि सव्वीस जानेवारीला तेवढे बाहेर यायला लागले. दुसऱ्या पीटी शिक्षकाची जागा रिकामी झाली ती भरलीच नाही. पोषण आहाराची नोंद, गणवेशाची मापं, जंतनाशक गोळ्या, वृक्षारोपणाचे फोटो, हे सगळं 'ज्याला तास कमी' त्याच्याकडे, म्हणजे मॅडमकडे आलं.

मुलंही बदलली. आधी चार-चार कोस चालून येणारी पोरं शाळेत आल्यावर पुन्हा पळायची. आता दारातून गाडीत आणि गाडीतून वर्गात. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार मिळून बारा मिनिटं होतात, तेवढ्यात दोघं-तिघं डोकं धरून खाली बसतात. खेळाचं नाव काढणारे पालक येत, पण ते दहावीच्या जानेवारीत, खेळाडूंचे वाढीव गुण मिळावे म्हणून प्रमाणपत्र मागायला. "मॅडम, टीममध्ये नाव टाकून द्या ना, खेळला नाई तरी चालते." मॅडम आधी भांडत. मग समजावून सांगत. आता फक्त म्हणत, "तारीख गेली."

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि आठ दिवसांत जिल्ह्याहून पत्र आलं. तंदुरुस्ती चाचणीत ज्यांचे आकडे उत्तम, अशा मुलांची जिल्ह्याच्या क्रीडा प्रशिक्षणासाठी वर्ध्याला निवड चाचणी होती. तालुक्यातल्या नऊ मुलांच्या यादीत या शाळेचं एक नाव होतं, कुमारी स्वीटी जंगू सिडाम.

मुकेश सरांनी ते पत्र मॅडमना दाखवलंच नाही, थेट प्रार्थनेत वाचलं. तीनशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. आठवी 'ब'च्या रांगेत मागून दुसरी उभी असलेली स्वीटी इकडेतिकडे बघायला लागली, जणू त्या नावाची दुसरी कोणी असेल. बुटकी, भरल्या अंगाची, सावकाश चालणारी मुलगी. बोर धरणाच्या बाजूच्या टोल्यावरून, छोट्या वस्तीवरून, सायकलनं यायची. तीन वर्षांत मॅडमनी तिला पळताना पाहिलं नव्हतं. तास संपल्यावर सगळ्यांनंतर वर्गात जाणारी ती.

मॅडमनी स्टाफरूममध्ये जाऊन अॅप उघडलं. एक अठ्ठावन्न. मग हजेरीपट काढला. ऑगस्टच्या त्या संपूर्ण आठवड्यात स्वीटीच्या नावापुढे गैरहजेरी होती. तापानं घरी होती.

त्या मुकेश सरांच्या खोलीत गेल्या, दार लोटलं. मुकेश तडस त्यांचाच विद्यार्थी, त्यांच्या पहिल्या कबड्डी संघातला. चारचौघांत त्या 'सर' म्हणत, एकट्यात नाही.

"मुकेश, ती वेळ चुकीची आहे. माझ्या हातून पडली. पोरगी त्या दिवशी शाळेतच नव्हती."

मुकेश सरांनी पेन खाली ठेवलं. 

"कळवायचं काय मंग?" ते म्हणाले. "एक चुकलं म्हणून कळवलं तर बाकीचे कसे भरले ते विचारतीन. एकशे बेचाळीस आहेत तसे, मॅडम. शाळेचं नाव जाईन, तुमच्या पेन्शनची फाइल अडकन. माह्यं काय, मी तर आहोच इथं."

"मग?"

"मंग काही नाई. घेऊन जा तिले. धावन जशी धावन तशी. मागे राह्यली तर राह्यली, पोट्टे मागे राह्यतेच ना."

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच मॅडमना ते जड गेलं. दुपारच्या सुट्टीत त्यांनी स्वीटीला बोलावलं. ती व्हरांड्यात आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"मॅडम, मी कवा धावली?" तिनं विचारलं. "मले तं याद नाई."

मॅडमच्या तोंडाशी खरं उत्तर आलं होतं. पण आठवीच्या दोन मुली मागे उभ्या राहून ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर स्वीटीबद्दल जे कौतुक होतं ते मॅडमनी यापूर्वी तिच्या वाट्याला आलेलं पाहिलं नव्हतं.

"धावली होतीस," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून नऊ वाजता येजो. सराव करू."

स्वीटीनं मान हलवली. मॅडमना वाटलं, आपण आकडा भरताना जे केलं त्यापेक्षा हे वाईट आहे.

शाळा साडेदहाची. नऊला मैदानात गाड्या नसत. उरलेल्या जागेचा एक फेरा किती, हे मॅडमनी वर्षानुवर्षं मोजलं नव्हतं. टेप धरून मोजलं तर भरला एकशे दहा मीटर, तोही शेडच्या खांबाला वळसा घालून. म्हणजे सहाशेला साडेपाच फेऱ्यांच्या जरा आत. पहिल्या दिवशी स्वीटी दोन फेऱ्यांत थांबली, कंबर धरून उभी राहिली आणि कोपऱ्यात जाऊन ओकली. परत येऊन म्हणाली, "चहा पिऊन आलती."

"उद्या पिऊ नकोस."

"बरं."

पोरगी कुरकुर करत नव्हती, पण तिला पळताही येत नव्हतं. कोपरं बाहेर, मुठी आवळलेल्या, टाच आधी जमिनीवर. मॅडमना बोलून सांगता येईना, तेव्हा त्या स्वतः दहा पावलं पळून दाखवायला गेल्या आणि डाव्या गुडघ्यात अशी कळ आली की तिथंच खांबाला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तिला उभ्या उभ्या हात हलवायला लावले, श्वास मोजायला लावला, निम्मा फेरा पळ निम्मा चाल असं करवलं. शिकवायचं कसं हे त्यांना आठवत होतं, याचं त्यांनाच नवल वाटलं. शेवटचं असं कोणाला शिकवलं त्याला आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती. पण त्या नवलानं अंगात काही हुरूप आला असं झालं नाही. घरी जाऊन त्या गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसत. यजमान म्हणत, "आता कशाला हे? सात महिने राहिले." त्या टीव्हीचा आवाज वाढवत.

दुसऱ्या आठवड्यात स्वीटीचा बाप शाळेत आला. जंगू सिडाम वनविभागात मजूर होता. जंगलातले रस्ते साफ करणं, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणं, पाणवठे भरणं असली कामं. चाळिशीचा, बारीक अंगाचा. सरावाच्या वेळी येऊन शेडखाली उकिडवा बसला आणि स्वीटी पळते ते बघत राहिला. मॅडम जवळ आल्यावर उठला.

"मी बी इथलाच, मॅडम. तुमी नव्या आल्ता तवा."

मॅडमनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही केल्या आठवेना. "कोणत्या टीममध्ये होतास?"

"टीममदी कायचा. आमी मागच्या लाइनीतले. चुना टाकाचा, खांब गाडाचे, तुमचे बारा जन खेळाचे अन् आमी टाळ्या वाजवाचो." तो हसला. त्या हसण्यात तक्रार नव्हती. "लेझीम पन साठच व्हते ना. आमच्या हाती कवा आलाच नाई."

 त्यांना त्या काळातले सगळे खेळाडू नावानिशी आठवत होते. विभागीय स्पर्धेला नागपूरला गेलेला खो-खोचा संघ, कोण कुठं नोकरीला लागला तेही. मागच्या रांगेतलं एकही तोंड आठवत नव्हतं. गेली कित्येक वर्षं त्या ज्या मैदानाची आठवण काढत होत्या, त्या मैदानावर जंगू सिडाम नावाचा मुलगा पाच वर्षं चुन्याचं घमेलं घेऊन उभा होता.

"मी साहेबाले सांगून ठेवलं," जंगू म्हणाला. "त्या दिवशीची सुट्टी टाकली. वर्ध्याले मी बी येतो. तिची माय जिजा म्हणते, मले बी याचं आहे, पन बकऱ्याईले कोण पाह्यनार."

चाचणीला पाच दिवस उरले होते. स्वीटी आता सहाशे मीटर न थांबता पळत होती, तीन मिनिटं पाच सेकंद, तीन मिनिटं, एकदा दोन पन्नास. प्रत्येक वेळी घड्याळात बघायला यायची आणि तिचा चेहरा उतरायचा.

"मॅडम, ऑगस्टमदी एक अठ्ठावन्न कशी आली मले? आता तं येऊन नाई राह्यली."

नळावर पाय धुताना तिनं हे विचारलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मॅडम पायरीवर बसल्या, कारण उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं.

"तू ऑगस्टमध्ये धावलीच नव्हतीस, स्वीटी. तुला ताप होता. मी बसून वेळा भरल्या. तुझी भरताना माझ्या हातून चुकली. तुझा काही दोष नाही."

स्वीटी पाय धूतच राहिली. धुतलेला पाय पुन्हा धुतला. मग नळ बंद केला.

"मंग तुमी म्हणल्या ना, धावली होतीस म्हनून?"

"खोटं बोलले."

"काऊन?"

 मॅडम म्हणाल्या, "तुला नाही यायचं तर नको येऊस. मी तब्येतीचं कारण कळवीन."

स्वीटीनं चपला घातल्या. दप्तर उचललं. जाता जाता थांबून म्हणाली, "येतो मी. बाबाले सांगू नका. त्यानं सुट्टी टाकली आहे."

पुढचे चारही दिवस ती वेळेवर आली आणि पळली. मॅडमशी कामापुरतं बोलली.

वर्ध्याच्या मैदानावर सकाळीच गर्दी होती. चुन्याच्या रेषा आखलेला चारशे मीटरचा फेरा, मांडव, पाण्याचे जार. मुलींमध्ये काही अकॅडमीतल्या होत्या, सारख्या रंगाच्या जर्सी, खिळ्यांचे बूट, त्यांचे कोच आधीच त्यांना पळवून अंग गरम करून घेत होते. पालक मोबाइल घेऊन दोरीजवळ उभे होते. स्वीटीच्या पायात शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट होते. मॅडमच्या लक्षात आलं, की इथं आलेल्या साठेक मुलींपैकी जवळजवळ कोणाच्याच बरोबर शाळेचा पीटी शिक्षक नव्हता. ज्यांना खेळायचं होतं, त्यांनी शाळेच्या बाहेर सोय करून घेतली होती.

तेरा ते चौदा वयाच्या गटात बारा मुली एकदम सोडल्या. पहिल्या शंभर मीटरलाच सात पुढे निघून गेल्या. स्वीटी मागच्या घोळक्यात होती, कोपरं अजून जराशी बाहेर, पण श्वास मोजत, जशी शिकवली होती तशी. दुसऱ्या फेरीच्या वळणावर एक मुलगी थांबून चालायला लागली, दुसरी पोट धरून बाहेर पडली. पहिली मुलगी रेषा ओलांडून गेली तेव्हा स्वीटीला दीडशे मीटर जायचं होतं. जंगू दोरीला धरून उभा होता, त्यानं हाक मारली नाही, फक्त तिच्याबरोबर मान फिरवत राहिला. ती नववी आली. मॅडमच्या घड्याळात दोन एक्केचाळीस. तिची आजवरची सगळ्यात चांगली वेळ.

मांडवात टेबलापाशी एक तरुण अधिकारी बसला होता, डोळे तांबारलेले, समोर दोन मोबाइल आणि कागदांचा ढीग. त्यानं स्वीटीचं नाव शोधलं, एकदा कागदाकडे, एकदा मोबाइलकडे पाहिलं.

"मॅडम, इथं तर एक अठ्ठावन्न आहे. आज दोन एक्केचाळीस?"

"ऑगस्टची वेळ चुकीची आहे," मॅडम म्हणाल्या. "मी भरली. मुलगी त्या दिवशी हजर नव्हती."

त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली केला. "असं बोलू नका, मॅडम. सकाळपासून हेच चाललंय. अर्ध्या मुलांचं जुळत नाही. फार फरक दिसला की मला वर खुलासा द्यावा लागतो, तुमच्या शाळेला नोटीस काढावी लागते. मी असं करतो, हिला गैरहजर दाखवतो. आलीच नाही म्हणून. विषय संपला."

शब्द तर सोयीचे होते. मॅडमची पाठ दुखत होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि मान हलवली असती तर ते सगळं तिथंच मिटलं असतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. स्वीटी मांडवाच्या कडेला गवतावर बसून बुटाची नाडी सोडत होती. जंगू पाण्याची बाटली घेऊन दोन पावलांवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"धावली ती," मॅडम म्हणाल्या. "दोन एक्केचाळीस लिहा. ऑगस्टच्या वेळेपुढे माझं नाव लिहा, काय लिहायचं ते. मी सही करते."

"मॅडम, तुमचं रिटायरमेंट जवळ आलं असेल."

"आलं आहे."

त्यानं एक उसासा टाकला आणि लिहिलं.

परतताना एसटीत मुलगी खिडकीशी झोपली. जंगू मॅडमच्या पलीकडच्या बाकावर होता.  गाडी सेलूच्या स्टँडवर थांबली, माणसं चढली-उतरली, तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "चुकाले तुमाले आमचीच पोट्टी भेटली."

मॅडम म्हणाल्या, "कोणाचीही भेटली असती, जंगू."

"भेटली तं आमचीच."

 त्याला वाईट वाटून घेण्याचा हक्क होता, आणि मॅडमनी तो त्याच्याकडे राहू दिला. उतरताना त्यानं स्वीटीला हलवून उठवलं, तिचं दप्तर आपल्या खांद्याला लावलं आणि मॅडमना नमस्कार करून गेला.

पंधरा दिवसांनी शाळेला नोटीस आली. मॅडमनी खुलासा लिहिला, एक पान, आकडे कसे भरले ते सगळं. मुकेश सरांनी तो वाचून त्यांच्यासमोर ठेवला.

"एकशे बेचाळीस कायले लिहिले? एकच लिहाचा होता."

"एक लिहून काय करू, मुकेश?"

ते रागावले होते, पण ओरडले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतः चहा घेऊन आले आणि बसून राहिले. "कबड्डीले तुमी आमाले लय माराच्या, मॅडम," एवढंच म्हणाले, तेही कशावरून निघालं कोणाला कळलं नाही. वरून आदेश आला तो असा, की संपूर्ण शाळेची चाचणी पुन्हा घ्यावी आणि नवे आकडे महिन्याच्या आत द्यावे. निवृत्तीच्या फाइलवर मात्र एक शेरा पडला, आणि ती दोन टेबलांवर जास्तीची फिरली.

मग जानेवारीभर मॅडमनी शाळा पळवली. दर दिवशी पंधरा-वीस मुलं, साडेपाच फेऱ्या, खांबाला वळसा. दहावीच्या वर्गशिक्षिका हर्षा मॅडम तास मोडतो म्हणून तक्रार करत आल्या, त्यांना अर्धा तास देऊन मिटवलं. दोन पालकांनी फोन केले, मुलं दमून येतात म्हणून. नववीतला एक उंच मुलगा तिसऱ्या फेरीला थांबून म्हणाला, की आयुष्यात एवढं एका दमात तो कधी पळाला नव्हता. तो खरं बोलत होता, आणि मॅडमनी त्याच्या नावापुढे 'अपूर्ण' लिहिलं. असे 'अपूर्ण' एकूण एकाहत्तर निघाले. मागच्या तीन वर्षांच्या आकड्यांत एकही नव्हता, कारण मधेच थांबलेल्यालाही तेव्हा अंदाजानं वेळ मिळायची. या खऱ्या आकड्यांकडे कोणी पाहील असं मॅडमना वाटत नव्हतं. संध्याकाळी गुडघे इतके सुजायचे, की स्कूटीवरून उतरताना त्या आधी हँडल धरून थोड्या उभ्या राहायच्या.

आठवी 'ब'ची पाळी शेवटच्या आठवड्यात आली. स्वीटी आपल्या नंबरावर पळली, दोन चव्वेचाळीस, वर्गातल्या मुलींत चौथी. पळून झाल्यावर ती व्हरांड्यात सावलीला बसली. मॅडम वही घेऊन तिच्याजवळ गेल्या.

"सकाळचं येणं बंद केलंस."

"हो."

"फेब्रुवारीत तालुक्याच्या स्पर्धा आहेत. येत असशील तर मी येते नऊला. अजून पाच महिने आहे मी."

स्वीटीनं जरा विचार केला. तिच्या कपाळावरून घाम गळत होता, तो तिनं ओढणीनं पुसला.

"मले धावनं आवडत नाई, मॅडम," ती म्हणाली. उद्धटपणा नव्हता, जसं आहे तसं सांगितलं. "त्या दिवशी प्रार्थनेत नाव घेतलं थे आवडलं."

मॅडमनी मान हलवली. तिचं उत्तर ऐकून त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण अंगावरचं कसलंसं ओझं थोडं सरकल्यासारखं झालं. मला पळायचं नाही, हे मागच्या तीस वर्षांत कोणी मूल त्यांना तोंडावर बोललं नव्हतं. एक तर पळायचं, नाहीतर मागच्या रांगेत उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

"मग काय आवडतं?"

"माहीत नाई अजून."

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वहीत दोन चव्वेचाळीस लिहिलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मैदानाकडे वळून अठ्ठाविसावा नंबर पुकारला.